पदवी खरी आहे का, एवढंच विचारायचं असतं तेव्हा

भरतीची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी मी जिथे नोकरीला होते तिथे लॅब असिस्टंटच्या चार जागा भरायच्या होत्या. अट एकच होती, बीएस्सी केमिस्ट्री. आम्ही उमेदवारांना नेहमीची यादी पाठवली: दहावी-बारावीची मार्कशीट, सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, दोन फोटो. मुलांनी मोबाइलवर फोटो काढून सगळं पाठवलं. तिघांनी मिळून तपासायचं होतं, म्हणून मी ते ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर मी धरून अकरा जण होते.

निवड झालेली एक मुलगी रुजू झाली आणि चौथ्या दिवशी डबा खाताना तिच्या पोटजातीवरून कुणीतरी काहीतरी बोललं. तिने ती कुणालाच सांगितली नव्हती. ती दाखल्यावर होती, आणि दाखला मी मागवला होता. का, तर वयाचा पुरावा म्हणून. जन्मतारीख पॅन कार्डवरही असते, आणि पॅन तर पगारासाठी लागणारच होतं.

आडनावावरून अंदाज बांधणारे बांधतातच, हे मला माहीत आहे. पण अंदाज वेगळा आणि तो पक्का करणारा कागद हातात देणं वेगळं. त्यानंतर मी माझ्या कामाची सगळी रीत बदलली. प्रमाणपत्र देणारे उमेदवार आणि ते तपासणारे माझ्यासारखे लोक, दोघांना उपयोगी पडेल अशी ती रीत इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रश्न लिहा, मग कागद मागा

कुठलंही प्रमाणपत्र तपासताना खरे प्रश्न तीनच असतात. हे प्रमाणपत्र त्या संस्थेनेच दिलंय का आणि त्यात नंतर काही बदल झालाय का? ते समोरच्याच माणसाचं आहे का? आणि ते आजही चालू आहे का, म्हणजे रद्द किंवा निलंबित तर झालेलं नाही ना? या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर जो कागद देत नाही, तो मागायचा नाही.

मी यादी करण्याआधी वहीत दोन रकाने आखते. डावीकडे प्रश्न, उजवीकडे त्याचं उत्तर देणारा सगळ्यात लहान पुरावा. 'पदवीधर आहे का?' याच्यासमोर फक्त पदवी प्रमाणपत्र येतं. त्यावर श्रेणी असते, पण दुसऱ्या सेमिस्टरला गणितात एटीकेटी लागली होती हे नसतं. सहा मार्कशीट मागवल्या की ते सगळं येतं, आणि आलं की मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात राहतं. 'किमान ६० टक्के' अशी अट असेल तर शेवटची, एकूण गुण दाखवणारी मार्कशीट पुरते. वयासाठी पॅन. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागणारच, कारण तिथे प्रश्नच तो आहे. खुल्या जागेसाठी शाळेचा दाखला मागवायचं मात्र मला तरी एकही कारण सापडलेलं नाही. त्यावर धर्म, जात, जन्मस्थळ, मातृभाषा, सगळं एका पानावर असतं.

एकदा हे दोन रकाने आखून बघा. माझी ती लांबलचक यादी तीन कागदांवर आली होती.

प्रमाणपत्र तुमचं असेल तर

पहिलं काम: डिजिलॉकर उघडा आणि त्यातले दोन कप्पे वेगळे ओळखा. केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये सुरू केलेल्या या सेवेत 'इश्यूड' आणि 'अपलोडेड' (नव्या आवृत्तीत 'ड्राइव्ह') असे दोन भाग आहेत. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद 'अपलोडेड'मध्ये जातो. तो तुमच्या पेन ड्राइव्हमधल्या फोटोपेक्षा जास्त काही नाही. 'इश्यूड'मधला कागद थेट बोर्डाच्या किंवा विद्यापीठाच्या नोंदीतून येतो, आणि डिजिटल लॉकरच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये घातलेल्या ९ए या नियमाप्रमाणे तो मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ च्या सुरुवातीला सगळ्या शिक्षणसंस्थांना हे कागद वैध धरायला सांगितलं आहे. कुणी 'ओरिजिनलच आणा' म्हणून अडून बसलं तर हे सांगता येतं.

कागद आणायचा कसा? 'सर्च डॉक्युमेंट्स'मध्ये आपलं बोर्ड किंवा विद्यापीठ शोधायचं, वर्ष आणि सीट नंबर किंवा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, टाकायचा. पदव्या नॅशनल ॲकॅडमिक डिपॉझिटरीमध्ये, म्हणजे नॅडमध्ये असतात आणि त्याच डिजिलॉकरमधून मिळतात.

इथे आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर पदवीवर एक आणि आधारवर दुसरंच नाव. नाव जुळत नाही म्हणून कागद खेचता येत नसेल तर आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला नोंद दुरुस्त करायला अर्ज द्या. नोकरीच्या ठिकाणी थेट राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र धाडू नका. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत, एवढं सिद्ध करायला दोन्ही नावं दिसणारं एखादं ओळखपत्र किंवा साधं प्रतिज्ञापत्र चालतं का, ते आधी विचारा. लग्न कधी झालं, कुणाशी झालं, सासर कुठलं, हे तपासणाऱ्याला कळायची गरज नसते.

कागद हातात आला की तो पीडीएफ जसाच्या तसा पाठवा. स्क्रीनशॉट काढू नका आणि 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका, कारण तसं केलं की त्यातली डिजिटल सही, म्हणजे कागद कुणी दिला आणि नंतर बदलला का हे संगणकाला तपासता येणारी खूण, निघून जाते आणि उरतो तो फक्त फोटो. साध्या स्कॅन केलेल्या प्रतीवर मात्र, झेरॉक्सवर करतो तसं, आडवं लिहा: 'फक्त अमुक पदाच्या अर्जासाठी', खाली तारीख. सही असलेल्या पीडीएफवर असं काही लिहायला जाऊ नका.

आधारची पूर्ण प्रत कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' प्रत उतरवता येते, तिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. आणि शैक्षणिक पडताळणीत आधारचं काम फक्त 'हा तोच माणूस' एवढंच असतं. ते प्रत्यक्ष भेटीत कार्ड दाखवून, परत खिशात ठेवून होतं.

दोन जागा अशा आहेत जिथे आपण सगळ्यात बेसावध असतो. एक म्हणजे झेरॉक्सचं दुकान. प्रिंट काढायला आपण दुकानदाराच्या नंबरवर सगळं पाठवतो किंवा त्याच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडतो. त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गावातल्या निम्म्या लोकांचे दाखले पडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून फाइल पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा, आणि लॉगआउट करा. हे मागायला संकोच वाटतो, पण बहुतेक दुकानदार मुकाट्याने पुसतात.

दुसरी जागा म्हणजे परदेशी प्रवेशाचा एजंट. कॅनडा-अमेरिकेसाठी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेताना किंवा जर्मनीला जाताना कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र काढताना सगळी शैक्षणिक कागदपत्रं द्यावीच लागतात, तिथे हात आखडून चालत नाही. एपीएस भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. पण डब्ल्यूईएसला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा एकत्र उतारा, थेट विद्यापीठाकडून जावं लागतं, मधल्या माणसाकडून नव्हे. तेव्हा एजंटला डिजिलॉकरचा ओटीपी सांगायचा प्रश्नच येत नाही. ओटीपी सांगितला म्हणजे एक कागद दाखवला असं होत नाही, आख्खं कपाट उघडून दिलं असं होतं.

नोकरीच्या ठिकाणाहून मागितलेल्या कागदांची यादी मोठी आली, तर गप्प बसून सगळं पाठवू नका. मला अलीकडे एका उमेदवाराने असा मेल केला, तो मी जपून ठेवलाय आणि त्याच्या परवानगीने इतरांनाही देते:

'नमस्कार मॅडम. पदवी प्रमाणपत्राची डिजिटल सही असलेली पीडीएफ सोबत जोडली आहे. जन्मतारखेसाठी पॅन चालेल का? शाळेच्या दाखल्यावर इतर खासगी नोंदी असल्याने तो अगदीच आवश्यक असेल तर प्रत्यक्ष भेटीत दाखवेन. आधार रुजू होताना समक्ष दाखवतो. माझी निवड न झाल्यास ही कागदपत्रं कधी काढून टाकली जातील, ते कळवावं ही विनंती.'

यात आवाज चढलेला नाही, कायद्याची धमकी नाही, आणि शेवटच्या वाक्याने मला उत्तर शोधायला लावलं. आमच्याकडे तोवर तसं काही ठरलेलंच नव्हतं.

तपासणाऱ्याने पीडीएफवरची सही कशी वाचायची

हिरवी बरोबरची खूण दिसली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. ती खूण पीडीएफमध्ये नुसतं चित्र म्हणूनही चिकटवता येते. म्हणून कागदावरच्या चित्राकडे न बघता सॉफ्टवेअर काय सांगतं ते बघायचं. ब्राउझरमध्ये उघडलेली पीडीएफ यासाठी चालत नाही, क्रोम सही तपासतच नाही. संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये उघडा आणि पुढे असं जा:

१. वरच्या पट्टीवर किंवा 'सिग्नेचर्स' या बाजूच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. सहीचा उल्लेखच नसेल तर ती साधी पीडीएफ आहे, विषय संपला.

२. पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' आलं तर घाबरू नका. कागद खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही. भारतातल्या सह्या ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभ्या आहेत, ते तुमच्या सॉफ्टवेअरला ओळखीचं नाही, एवढंच.

३. सहीवर राइट क्लिक करून 'सिग्नेचर प्रॉपर्टीज' आणि तिथून 'शो सायनर्स सर्टिफिकेट' उघडा. डावीकडे एक उतरंड दिसते: सगळ्यात खाली सही करणारा, मध्ये प्रमाणन संस्था, सगळ्यात वर 'सीसीए इंडिया' आणि वर्ष. सीसीए म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेले प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक.

४. ही पायरी बहुतेक जण चुकीची करतात. खालच्या, म्हणजे सही करणाऱ्याच्या नावावर क्लिक करून 'ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' दाबलं की खूण लगेच हिरवी होते. पण अशाने कुठलीही सही हिरवी होईल, चोराचीसुद्धा. सगळ्यात वरचं सीसीएचं प्रमाणपत्र निवडा, त्याचा ठसा, म्हणजे 'फिंगरप्रिंट' नावाची अंक-अक्षरांची ओळ, सीसीएच्या सरकारी संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि मग तेवढंच विश्वासात घ्या. हे त्या मूळ प्रमाणपत्रापुरतं एकदाच करावं लागतं.

५. पुन्हा 'व्हॅलिडेट' करा. 'सहीनंतर कागदात बदल झालेला नाही' असं वाक्य दिसलं पाहिजे.

६. आता सही कुणाची आहे ते वाचा. ही पायरी मी कधीच सोडत नाही. डिजिटल सही रीतसर पैसे भरून कुणालाही स्वतःच्या नावाने घेता येते. एखाद्याने स्वतःच्याच सहीने बनावट मार्कशीटवर सही केली तर पाचव्या पायरीपर्यंत सगळं हिरवंगार दिसेल. सही त्या विद्यापीठाच्या किंवा बोर्डाच्या अधिकाऱ्याची, संस्थेच्या नावासकट आहे का, हे माणसानेच वाचायचं असतं.

क्यूआर कोडचंही तसंच. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं की तो कुठल्यातरी पानावर नेतो, आणि हुबेहूब विद्यापीठासारखं पान बनवणं अजिबात अवघड नाही. पत्त्याचा शेवट वाचा. '.गव्ह.इन' आणि '.एसी.इन' हे शेवट वाटेल त्याला मिळत नाहीत, ते सरकारी आणि शैक्षणिक संस्थांनाच दिले जातात. डिजिलॉकरच्या कागदावरचा क्यूआर डिजिलॉकर ॲपमधल्याच स्कॅनरने वाचावा.

कागद न मागताही बरंच कळतं

व्यावसायिक नोंदणीच्या बाबतीत तर उमेदवाराकडून काही घ्यावंच लागत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असलाच पाहिजे असा नियम आहे. तो क्रमांक राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत टाकला की नाव आणि राज्य परिषद दिसते. रुग्णालयाने एमबीबीएसच्या मार्कशीट कशासाठी साठवून ठेवायच्या?

मला सगळ्यात आवडलेली पद्धत सनदी लेखापालांची आहे. सीए संस्थेने १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांवर यूडीआयएन, म्हणजे प्रत्येक कागदाचा वेगळा ओळख क्रमांक, सक्तीचा केला. मुलाला परदेशी पाठवताना सीएकडून नेट वर्थ सर्टिफिकेट घेतलं असेल, तर त्यावर तो १८ अंक-अक्षरांचा क्रमांक तुम्ही पाहिला असेल. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्यत्वाचे आणि उरलेली दहा अक्षरं-अंक यंत्राने दिलेले. सीए तो पोर्टलवर तयार करताना प्रमाणपत्राचा प्रकार, तारीख आणि काही ठरावीक आकडे भरतो. अशिलाचं नाव भरावं लागत नाही आणि प्रमाणपत्रही चढवावं लागत नाही. दूतावासातला माणूस क्रमांक टाकतो, त्याला तेच आकडे दिसतात, हातातल्या कागदाशी जुळतात का ते तो बघतो. क्रमांक हाती नसलेल्याला तुमच्या मालमत्तेबद्दल काहीही कळत नाही. बनावट शिक्के मारून सीएच्या नावावर प्रमाणपत्रं खपवली जात होती, त्याला अशा साध्या युक्तीने आळा घालता आला. आपल्या प्रत्येक परीक्षा विभागाने हे असंच उचलावं, असं मला मनापासून वाटतं.

बऱ्याच जुन्या पदव्या नॅडमध्ये नसतात. तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पडताळणीचं पत्र लिहावं लागतं, शुल्क भरावं लागतं आणि वाट बघावी लागते. पत्रात नाव, पीआरएन किंवा सीट नंबर, परीक्षेचा महिना-वर्ष आणि पदवी एवढंच लिहा. सोबत उमेदवाराचं संमतिपत्र जोडा. आधारची प्रत जोडायची सवय मोडा, विद्यापीठाच्या जुन्या नोंदीत आधार नसतोच.

पाकिटं आणि मीठ

आता थोडं आतलं सांगते, कारण येत्या काही वर्षांत हे आपल्या रोजच्या कामात येणार आहे.

सही केलेली पीडीएफ ही 'सगळं किंवा काहीच नाही' अशी असते. सही आख्ख्या फाइलवर असते. मार्कशीटवरचं आईचं नाव झाकायला काळी पट्टी ओढली, की फाइल बदलली आणि सही मोडली. म्हणजे खरेपणा हवा तर सगळं दाखवा, आणि झाकायचं तर खरेपणा सोडा. ही अडचण सोडवायला 'निवडक दाखवणं' नावाची पद्धत आहे.

समजा, विद्यापीठाने पदवीतली प्रत्येक ओळ वेगळ्या पाकिटात घातली. एका पाकिटात नाव, एकात पदवी, एकात वर्ष, एकात जन्मतारीख, एकात गुण. प्रत्येक पाकिटाच्या लाखेवर वेगळा ठसा. मग सगळ्या ठशांची यादी एका कागदावर लिहून विद्यापीठाने त्या यादीवर सही केली. तुम्ही मालकासमोर यादी ठेवता आणि फक्त दोन पाकिटं उघडता, नाव आणि पदवी. तो उघडलेल्या पाकिटांचे ठसे यादीशी ताडतो, यादीवरची सही तपासतो. बंद पाकिटांत काय आहे, त्याला कळत नाही, आणि सहीही मोडत नाही.

संगणकात हा ठसा म्हणजे हॅश. मजकुरावरून तो काढता येतो, पण ठशावरून उलट मजकूर काढता येत नाही. इथे एक खाच आहे, आणि बनवणारे लोक ती विसरले की सगळं पाण्यात जातं. जन्मतारखा असतात किती? शंभर वर्षांत जेमतेम ३६,५२५. एखाद्याने त्या सगळ्यांचे ठसे काढून ठेवले, तर बंद पाकिटातली तारीख पापणी लवायच्या आत ओळखू येते. जातीचा प्रवर्ग तर बोटांवर मोजण्याइतका. म्हणून प्रत्येक ओळीत ठसा काढण्यापूर्वी एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारी संख्या मिसळतात. तिला सॉल्ट, मीठच म्हणतात. पाकीट उघडताना ओळीबरोबर तिचं मीठही द्यायचं, म्हणजे ठसा जुळतो. पाकीट बंद आहे तोवर मीठ तपासणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि अंदाजाला जागा नाही. 'आम्ही फक्त हॅश ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या, मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदवहीत) ठेवतो, माहिती नाही' असं सांगणारा विक्रेता आला, तर त्याला पहिला प्रश्न विचारा: मीठ घातलंय का, आणि ते कुणाकडे आहे? आयआयटी कानपूरने डिसेंबर २०२१ च्या पदवीदानात ब्लॉकचेनवर आधारित पदव्या दिल्या, तेव्हापासून अशा सेवा घेऊन बरेच जण महाविद्यालयांच्या दारात येतात.

दुसरी बाजू याहून कमी लक्षात येते. मालक दर वेळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन तपासत असेल, तर तुम्ही कुठे कुठे अर्ज केले याची नोंद विद्यापीठाकडे आपोआप जमते. सरकारी नोकरीत असताना बाहेर प्रयत्न करणाऱ्याला किंवा त्याच संस्थेत शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हे परवडणारं नाही. नुसती सही तपासायला देणाऱ्याला विचारावं लागत नाही, त्याने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली, सही ताडायची 'सार्वजनिक किल्ली' असली की पुरतं. राहतो तो 'रद्द झालंय का' हा प्रश्न. त्यावर वेब मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने काढलेला तोडगा मला फार सुरेख वाटतो. संस्था निदान १,३१,०७२ प्रमाणपत्रांची एकच लांब यादी प्रसिद्ध करते, प्रत्येकासाठी फक्त ० किंवा १, म्हणजे चालू की रद्द. तपासणारा पूर्ण यादी उतरवून घेतो, ती अवघी १६ किलोबाइटची, आणि आपल्या कामाचा आकडा स्वतःच्या संगणकावर बघतो. त्याने लाखातली कुठली जागा पाहिली, ते देणाऱ्याला कळत नाही.

डब्ल्यूथ्रीसीच्या या 'पडताळणीयोग्य प्रमाणपत्रां'च्या मानकाची दुसरी आवृत्ती मे २०२५ मध्ये आली. युरोपीय संघातल्या प्रत्येक देशाने २०२६ अखेर नागरिकांना निवडक तपशील दाखवता येणारं डिजिटल पाकीट द्यायचं, असा कायदा तिथे झालाय. जर्मनी-नेदरलँड्समध्ये असलेल्या आपल्या मुलांच्या हातात ते आपल्याआधी येईल. आपल्याकडे नव्या आधार ॲपमध्ये ओळखीपुरते निवडक तपशील दाखवायची सोय आली आहे, पण पदव्या अजून पीडीएफमध्येच अडकल्यात.

प्रमाणपत्र देणाऱ्या महाविद्यालयांना यासाठी थांबायची गरज नाही. छापतानाच कमी छापा. काही राज्यांत पदवीवर आधार क्रमांक छापायचा विचार सुरू होता, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने १ सप्टेंबर २०२३ ला पत्र काढून ते चालणार नाही असं बजावलं. बोनाफाइडवर जात, कोर्स पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर घरचा पत्ता, निकालाच्या सूचनाफलकावर फोन नंबर, हे आजही होतं. जो मजकूर कागदावर नाही, तो झाकायचा प्रश्नच येत नाही.

कायद्याचं बोट कुठवर धरायचं

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. या कायद्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण दिलंय: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधली नावांची यादीही मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती सल्ल्यासाठी लागेल तेवढ्या माहितीपुरतीच धरली जाते. लॅब असिस्टंटच्या जागेसाठी पोटजात म्हणजे तीच फोनमधली यादी. माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नोकरीच्या काही कारणांसाठी मात्र मालकाला संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा या कायद्यात आहे, त्यामुळे उमेदवाराने केवळ कायद्याच्या जोरावर भांडायला जाऊ नये. वर दिलेला मेल जास्त कामाला येतो.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं मात्र शिक्षणसंस्थांना चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच तसं अधिसूचित केलंय. पाहा, जुळवा, तिथल्या तिथे परत द्या.

तपासून झाल्यावर

माझ्याकडे आता एक वही आहे. रकाने पाच: उमेदवाराचं नाव, काय तपासलं, कशावरून तपासलं, तारीख, माझी सही. 'बीएस्सी, २०१९, विद्यापीठाची डिजिटल सही वैध' एवढी एक ओळ. ऑडिटला कोणी आलं तर ही ओळ पुरते, पीडीएफ ठेवायची गरज पडत नाही. ज्या कागदांना कायद्याने किंवा करारामुळे ठेवणं भाग आहे, ते कुलूपबंद फोल्डरमध्ये, दोघांनाच दिसतील असे. निवड न झालेल्यांचं सगळं निकालानंतर तीस दिवसांनी काढून टाकते आणि त्यांना तसा मेल करते. हे तीस दिवस आम्ही आमचे ठरवले, तुम्ही तुमचे ठरवा, पण आकडा ठरवून यादीतच छापा.

काढून टाकायचं म्हणजे मेलचा इनबॉक्स, सेंट फोल्डर, डाउनलोड, सामाईक ड्राइव्ह, स्कॅनरची मेमरी आणि टेबलाच्या खणातल्या झेरॉक्स, सगळीकडून. व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात, त्यांच्या गॅलरीत ते राहू शकतात.

त्या मुलीच्या दाखल्यासाठी मी ग्रुपवरच्या बाकी दहा जणांकडे एकेक करून गेले. नऊ जणांनी माझ्यासमोर गॅलरी उघडून फोटो पुसला. दहाव्याने तो फोन आदल्या आठवड्यात एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता.